एकही बुडबुडा नसलेला केक

सासूबाईंचं वजन पाच महिन्यांत नऊ किलोंनी उतरलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठणठणीत निघालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, “यांना काही झालेलं नाही, या जेवत नाहीत एवढंच. महिनाअखेरपर्यंत आणखी दोन किलो गेले तर दवाखान्यात ठेवून नळीने खायला घालावं लागेल.” नळीने! ज्या बाईने बावीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात केक भाजून हजारो माणसांची तोंडं गोड केली, तिला आता नळीने खायला घालायचं.

घरात माणसं तीनच. सासूबाई, त्यांची मुलगी आणि जावई. मुलगी पोस्टात काउंटरवर बसायची. जावई कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवत आणि जावई घराच्या मागच्या खोलीत बसून त्या साच्यावरून अख्खी बत्तिशी उभी करत. सगळे त्यांना कवळीवाले म्हणत, तेव्हा आपणही कवळीवालेच म्हणू. एकतीस वर्षांत त्यांची एकही कवळी दुरुस्तीला परत आली नव्हती. म्हणजे एक आली होती, पण ती मालक वारले म्हणून, आणि मुलांना ती टाकवेना म्हणून. ही गोष्ट कवळीवाले आपणहून कधी सांगत नसत. कोणी विचारेपर्यंत थांबत, आणि कोणी विचारलंच नाही तर विषय हळूच तिकडे वळवत.

तर अशा माणसाच्या घरात सासूबाईंचे उरलेसुरले दात काढावे लागले, आणि कवळी अर्थातच घरची मिळाली. कवळीवाले सहा आठवडे तिच्यावर खपले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला पांढरेफेक दात शोभत नाहीत म्हणून त्यांनी जरा पिवळसर छटा निवडली. जुन्या फोटोत सासूबाईंचा पुढचा एक दात किंचित वाकडा होता, तो त्यांनी भिंगातून पाहून तसाच वाकडा बसवला. एवढी मेहनत त्यांनी कोणासाठी घेतली नव्हती. सासूबाईंनी कवळी घातली, आरशात पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले. “किती छान हो, जावईबापू,” त्या म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून त्यांनी चावून खाणं बंद केलं.

कारण कवळी टोचत होती. डावीकडे, मागे, चांगलीच टोचत होती. पण हे सांगणार कोण?

जावयाच्या ताटात काही कमी पडू द्यायचं नाही आणि जावयाच्या कामाला नावं ठेवायची नाहीत, या दोन नियमांवर सासूबाईंनी चोवीस वर्षं काढली होती. एकदा कवळीवाल्यांनी त्यांच्यासाठी हौसेने खुर्ची आणली, ती डुगडुगायची. सासूबाई तिच्यावर बसून म्हणायच्या, “झोपाळ्याची हौस फिटते हो.” आता अशी बाई कवळीबद्दल काय बोलणार, कप्पाळ! शिवाय बिनदाताचं तोंड जावयाला दिसू नये म्हणून त्या कवळी काढताना भिंतीकडे तोंड करून वर रुमाल धरायच्या. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा जावई शेजारीच उभे होते, मग त्यांनाही “छान” हेच उत्तर मिळालं.

आणि कवळीवाल्यांनी विचारलं नव्हतं असं नाही. तीनदा विचारलं होतं. “आई, टोचत नाही ना?” असं विचारलं होतं. आता “नाही ना” म्हणून विचारल्यावर सासूबाईंसारखी बाई दुसरं काय सांगणार? “छे हो, अगदी लोण्यासारखी आहे,” त्या म्हणाल्या. लोण्यासारखी कवळी आजवर कोणी पाहिली आहे का, हे कवळीवाल्यांच्या मनात यायला हवं होतं. पण आपल्या मनासारखं उत्तर मिळालं की माणूस पुढे कशाला उकरतो?

“तिचं जगण्यावरचं मनच उडालंय,” बायको रोज म्हणायची. पोस्टातून आली की पातळ सूप कर, केळं कुस्कर, पाव दुधात बुडव. सासूबाई चार चमचे घेत आणि पुरे म्हणत. शनिवारी वजन केलं तर आणखी पाऊण किलो गेलं होतं. बायको काट्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, “एकच गोष्ट आहे जी ती कधी नको म्हणणार नाही. तो चॉकलेट-बदामाचा केक.”

हा केक सासूबाई हॉटेलात शिकल्या होत्या. तिथला मुख्य भटारी फ्रान्सचा होता, आणि त्याच्याकडची ही जुनी कृती त्याने फक्त त्यांना दिली होती असं त्या म्हणायच्या. मैदा नावापुरता, बदामाची पूड भरपूर, आणि मधोमध जरासा ओला. घरात कोणाचाही वाढदिवस असो, हाच केक व्हायचा. मग सासूबाईंची मनगटं दुखायला लागली आणि तो बंद पडला.

“मग कर की,” कवळीवाले म्हणाले.

“मला येत नाही. दर वेळी फुटतो.”

“फुटतो म्हणजे तुझं माप चुकतं. मोजून केलं की काहीही येतं.”

“उंटावरून शेळ्या हाकू नका. तुम्हीच करा बघू.”

झालं. घेतला का आपल्याच पायावर धोंडा मारून? पण कवळीवाल्यांना तो धोंडा वाटला नाही. सासूबाई दिवसेंदिवस सुकत चालल्या होत्या आणि आपल्याला काही करता येत नाही याने ते आतून कुरतडले जात होते. हाताने करायचं काहीतरी मिळालं, याचंच त्यांना बरं वाटलं.

रविवारी सकाळी त्यांनी सासूबाईंची जुनी वही उघडली. ज्याला सगळं येतं त्याने स्वतःपुरती लिहिलेली कृती जशी असते तशीच ती होती, म्हणजे बाहेरच्या माणसाला निरुपयोगी. मापं होती. पुढे लिहिलं होतं: चॉकलेट वितळवा. लोणी-साखर फेसा, पिवळं घाला, बदाम घाला. पांढरं ताठ फेसून हलक्या हाताने मिसळा. मधे ओलं असतानाच काढा. बस्स. का, कशासाठी, याबद्दल चकार शब्द नाही.

वजनकाटा त्यांनी मागच्या खोलीतला आणला, कारण स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. अंडी एकेक करून तोलली आणि बारांमधून चार सारख्या वजनाची निवडली.

“जुळीच हवीत का?” बायकोने विचारलं.

त्यांनी उरलेली आठ अंडी बाजूला सारली. चॉकलेट मात्र त्यांनी असं वितळवलं की हॉटेलातल्या भटाऱ्यानेही मान डोलावली असती. कवळ्यांसाठी एकतीस वर्षं मेण वितळवलेला हात तो. पाणी उकळू दिलं नाही, चॉकलेट एकदाही करपलं नाही. बदाम भिजवून सोलले, पुसले, वाळवले, दळले. मग त्यांना आठवलं की बदामाचा बारीक कण कवळीखाली गेला तर माणूस अक्षरशः रडतो. म्हणून त्यांनी प्लास्टर चाळायची चाळणी काढली. नवी, कोरी. बायकोने ती तीनदा धुवायला लावली. त्या चाळणीतून बदामाची पूड चार वेळा चाळून त्यांनी ती पावडरच्या डब्यात घालण्यालायक केली.

इथवर सगळं ठीक होतं. मग आलं अंड्याचं पांढरं.

वहीत लिहिल्याप्रमाणे त्यांनी ते ताठ फेसलं. भांडं उलटं केलं तरी पडेना. समाधानाने त्यांनी भिंग लावून आत पाहिलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. बुडबुडे! लहान, मोठे, हजारो, नुसते बुडबुडेच. आता बुडबुडा म्हणजे काय हे तुम्हाआम्हाला कळायचं नाही. कवळीवाल्याच्या प्लास्टरमध्ये मोहरीएवढा बुडबुडा राहिला की कवळीवर तेवढीच पुटकुळी उठते, आणि ती कोणाच्या तरी हिरडीत रुतून बसते. त्यांच्या धंद्यातला एकमेव वैरी तो. त्याच्यासाठी मागच्या खोलीत एक यंत्र होतं, त्याला ते थरथऱ्या म्हणत. वर साचा ठेवायचा, बटण दाबायचं, की सगळं गदगदा हलून बुडबुडे वर येतात आणि फुटतात.

तुमच्या लक्षात आलं असेलच.

त्यांनी पांढरं हलक्या हाताने मिसळलं, वहीचा शब्द पाळला, मिश्रण गोल डब्यात ओतलं आणि डबा घेऊन मागच्या खोलीत गेले. तीन मिनिटं थरथऱ्या चालला. बुडबुडे वर आले, फुटले, आणखी आले. जे हट्टी निघाले ते कवळीवाल्यांनी सुईने टोचले. मिश्रण अर्ध्यावर बसलं तेव्हा त्यांना वाटलं, केवढी हवा होती आत, बरं झालं वेळेवर पाहिलं. शेजारच्या खोलीत सासूबाई पडल्या होत्या. यंत्राचा आवाज ऐकून त्यांना वाटलं, बिचारे रविवारीही काम करताहेत.

मग डबा स्वयंपाकघरातल्या भट्टीत गेला. पंचवीस मिनिटांनी केक मधे ओला होता. वही म्हणत होती, आता काढा. पण अर्धवट पिकलेली वस्तू कवळीवाल्यांच्या हातून आयुष्यात बाहेर पडली नव्हती. आईंनी लिहिताना चूक केली असेल, असं मनातल्या मनात त्यांना माफ करून त्यांनी आणखी वीस मिनिटं भट्टी चालू ठेवली. सुई मधोमध खुपसली. कोरडी ठणठणीत निघाली. मग डबा गार करून तासभर फ्रीजमध्ये ठेवला, कारण गार झाल्याशिवाय साच्यातून काही काढायचं नसतं.

डबा उपडा केला तर बोटभर जाडीची, काळी, गुळगुळीत चकती ओट्यावर पडली. आवाज झाला.

“अहो,” बायको म्हणाली, “हा केक आहे की फरशी?”

“एकही बुडबुडा नाही,” कवळीवाले म्हणाले.

बायकोने हसावं की रडावं हे तिला कळेना. पण दुसरा करायला ना बदाम होते ना वेळ, आणि आईला टेबलाशी आणून बसवलंही होतं. सुरीवर दोन्ही हातांनी भार देऊन तिने तळहाताएवढा तुकडा कापला आणि बशीत घालून पुढे ठेवला.

“यांनी केलाय, आई. स्वतःच्या हाताने. सकाळपासून खपताहेत.”

सासूबाईंनी केककडे पाहिलं. बावीस वर्षं केक भाजलेल्या बाईला एका नजरेत सगळं कळलं असणार. पण चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्यांनी चमचा लावला, चमचा आत जाईना. कवळीवाले हात मागे बांधून समोर उभे होते, आणि त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा झाला होता. तो चेहरा पाहून सासूबाईंनी चमचा खाली ठेवला, तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा कशाला तरी दात लावले.

त्यांनी डोळे घट्ट मिटले. तुकडा काही तुटला नाही. क्षणभराने त्यांनी तो अलगद तोंडातून काढून बशीत ठेवला आणि रुमालाने ओठ टिपले.

“छान झालाय हो, जावईबापू. सावकाश खाईन.”

बायको उठून आत गेली. स्वयंपाकघरातून नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाला नाही.

कवळीवाल्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते बशीतल्या तुकड्याकडे बघत होते. मग त्यांनी बशी उचलली आणि मागच्या खोलीत नेली. त्यांना राग आला असं सासूबाईंना वाटलं, आणि त्या घाबरल्या.

दिव्याखाली तुकडा धरून त्यांनी भिंग लावलं. भुसभुशीत केकवर असला ठसा कधी उठलाच नसता. पण त्यांच्या या ठोस, गार, बिनबुडबुड्याच्या केकवर दातांचा ठसा उठला होता तो मेणावर उठावा तसा. वरचे सहा दात, त्यातला तो किंचित वाकडा दात, सगळे ओळखीचे. खालचेही सहा. आणि दोन्ही रांगांच्या मधे केक न तुटता तसाच राहिला होता, डावीकडे दोऱ्याएवढा आणि उजवीकडे चांगला गव्हाच्या दाण्याएवढा.

पुढचे दात भेटलेच नव्हते. आणि पुढचे दात भेटत नाहीत तेव्हा मागे कुठेतरी एखादी दाढ आधी भिडलेली असते, हे तर ते शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात शिकले होते. डावीकडची शेवटची दाढ उंच राहिली होती. फार नाही, अर्धा मिलिमीटर. तेवढ्याने प्रत्येक घासाला खालची कवळी कलंडणार आणि तिची कड हिरडीत घुसणार. प्रत्येक घासाला. पाच महिने.

ते स्टुलावर बसले. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. म्हातारी माझ्या हाताने मरत होती, असं त्यांच्या मनात स्पष्ट आलं. आणि मी डॉक्टरांना म्हणत होतो, पुन्हा एकदा पोट तपासा.

ते बाहेर आले आणि सासूबाईंच्या समोर बसले.

“आई, कवळी डावीकडे मागे टोचते.”

“छे हो, अगदी लोण्यासार—”

“आई.” त्यांनी बशी पुढे केली. “हे वरचे दात, हे खालचे. हे एकमेकांना भेटतच नाहीत. तुम्ही कितीही नाही म्हणा, इथे सगळं उमटलंय.”

सासूबाईंनी तुकड्याकडे पाहिलं, मग जावयाकडे. बराच वेळ त्या रुमालाची घडी घालत राहिल्या.

“पहिल्या दिवसापासून,” त्या म्हणाल्या.

“आई!” बायको दारात उभी होती, चेहरा ओला. “पाच महिने? नळी घालायची वेळ आली आणि तू गप्प बसलीस?”

“सहा आठवडे खपले गं ते. माझा वाकडा दातसुद्धा विसरले नाहीत. माझ्या आईनेही कधी पाहिलं नसेल इतकं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं त्यांनी. त्याला नावं कशी ठेवू?”

“ठेवायची, आई,” कवळीवाले म्हणाले. “खुशाल ठेवायची. तुम्ही उपाशी राहत होतात आणि मी लोकांना सांगत सुटलो होतो की माझी कवळी परत येत नाही. चुकलो मी. तुम्हाला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?” त्यांनी सासूबाईंसमोर हात पसरला. “द्या इकडे.”

सासूबाई सवयीने भिंतीकडे वळल्या. मग थांबल्या. रुमाल टेबलावर ठेवला, पुन्हा समोर तोंड केलं आणि आधी खालची, मग वरची, अशा दोन्ही कवळ्या काढून जावयाच्या तळहातावर ठेवली. गाल आत गेले, हनुवटी वर आली, चेहरा एवढासा झाला. कवळीवाल्यांनी त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि उठले.

पंधरा मिनिटं मागच्या खोलीत घासायचं यंत्र फिरत होतं. दाढ घासली, कड घासली, चकाकी दिली, गार पाण्यात धुतली. परत येऊन त्यांनी कवळी सासूबाईंच्या हातात दिली. “हिरडी दुखावलीय, चार दिवस उजवीकडूनच चावा. आणि टोचली तर सांगायचं. विचारायची वाट बघायची नाही.”

सासूबाईंनी कवळी बसवली. दात मिटले, उघडले, पुन्हा मिटले. “हं,” त्या म्हणाल्या. कोणी काही बोलण्याआधी त्यांनी बशीतला तोच तुकडा उचलला आणि चावा घेतला. तुकडा तुटला. त्या चावू लागल्या. बायको श्वास रोखून बघत होती. घास मोठा होता आणि चिवट होता, तो संपायला फार वेळ लागला. मग तो गिळला गेला.

“जावईबापू.”

“हो, आई.”

“केक फार वाईट झालाय.”

बायकोने तोंडावर हात ठेवला.

“पांढरं फेसलं होतंत ना? मग बसलं कसं?”

कवळीवाल्यांनी थरथऱ्याबद्दल सांगितलं. खरं ते सगळं सांगितलं, सुईसकट. सासूबाईंना हसू फुटलं, आणि त्या टेबलाला धरून तोंड उघडं टाकून हसल्या. हात काही आडवा आला नाही.

“अहो, ती हवाच तर पाहिजे! सगळं तिच्यावर तर उभं असतं. आणि मधे ओला ठेवा म्हणून स्वच्छ लिहिलंय मी, हा तर इस्त्री केल्यासारखा झालाय. बदाम कुठे गेले? पीठ केलंत त्यांचं! दाताखाली काहीतरी यायला नको का माणसाच्या?” त्यांनी उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि बशी मुलीकडे सरकवली. “कापून दे आणखी. मोठा दे.”

बायकोने कापला, मोठा कापला. कवळीवाले बाजूला उभे राहून ऐकत होते आणि डोळे पुसत होते. सासूबाईंनी दुसरा तुकडा चावला, शेवटपर्यंत खाल्ला आणि त्यालाही नावं ठेवली.